कातळ, माती आणि मडकें

आपल्या मासिकांत जमिनीविषयीं जे लेख येतात, त्यांत बहुधा पिकाच्या दृष्टीनेंच जमिनीचा विचार केलेला असतो, व तें योग्यच आहे. परंतु त्याच जमिनीकडे कुंभार, वीटवाला व कौलांचा कारखानदार निराळ्या दृष्टीनें पाहतात. वीटभट्ट्या वाढल्या तशी शेतांतील वरच्या थराची किंमत विचारणारीं माणसें बांधावर येऊं लागलीं आहेत. अशा वेळीं आपण काय विकतों, तें तयार व्हावयास किती काळ लागला, व गेलेलें परत येईल किंवा नाहीं, हें समजल्यावांचून होकार देणें शहाणपणाचें नव्हे. म्हणून खडकापासून माती कशी होते, आणि एक माती पिकास तर दुसरी मडक्यास कां मानवते, याचा विचार येथें करावयाचा आहे.

खडक फुटणें व खडक कुजणें

विहीर खणतांना प्रथम माती लागते, तिच्याखालीं मुरूम, त्याखालीं पहारीनें निघणारा अर्धवट कुजलेला खडक, आणि शेवटीं सुरुंगाशिवाय न हलणारा काळा कातळ. फेरफारांच्या नोंदी क्रमानें वाचल्या म्हणजे जमिनीचा पूर्वीचा मालक जसा कळतो, तशी ही विहिरीची बाजू खालून वर वाचीत गेल्यास मातीची वंशावळ कळते. कातळाचा मुरूम झाला व मुरुमाची माती झाली.

हें काम दोन रीतींनीं होतें. पहिली रीत फुटण्याची. दिवसाच्या उन्हानें खडक तापतो व रात्रीं निवतो. भेगांत पाणी शिरतें. थंड प्रदेशांत त्या पाण्याचें बर्फ होऊन तें फुगतें व खडक फोडतें. पिंपळाचें मूळ जुन्या भिंतीचें जें करतें तेंच झाडांचीं मुळें कातळाचें करतात. परंतु एवढ्यानें खडकाचे तुकडे मात्र होतात, त्याचा स्वभाव पालटत नाहीं. जोंधळा जात्यांत भरडला तरी तो जोंधळाच राहतो. पीठ आंबलें म्हणजे मात्र त्याची चव व गुण दोन्ही बदलतात. खडकाचेंही तसेंच आहे, आणि ही दुसरी रीत कुजण्याची होय.

पावसाचें पाणी हवेंतून खालीं येतांना थोडा कार्बन डायऑक्साइड वायु आपल्यांत विरघळवून घेतें. जमिनींत मुळांच्या श्वासोच्छ्वासामुळें व पालापाचोळा कुजल्यामुळें हा वायु हवेंतल्यापेक्षां कितीतरी अधिक असतो. त्याच्या योगानें पाणी किंचित् आंबट, म्हणजे सौम्य अम्ल बनतें. तें चिमूटभर दिसलें तरी हजारों वर्षें खडकास लागत राहतें.

बहुतेक खडकांत फेल्स्पार नांवाचें खनिज असतें. त्यांत सिलिका व अ‍ॅल्युमिना हे दोन मुख्य घटक असून त्यांच्या जोडीस पोटॅश, सोडा किंवा चुना यांपैकीं कांहीं असतें. आंबट पाणी त्यांतील पोटॅश, सोडा व चुना विरघळवून घेऊन जातें. थोडी सिलिकाही नेतें. मागें उरलेली अ‍ॅल्युमिना व सिलिका पाण्याशीं संयोग पावून नवें खनिज बनवितात. तीच चिकण माती. तिचा शुद्ध प्रकार केओलिनाइट होय. त्याच्या शंभर भागांत सुमारें ४६॥ भाग सिलिका, ३९॥ भाग अ‍ॅल्युमिना व १४ भाग पाणी असतें. हें पाणी उन्हांत वाळवून जात नाहीं. तें खनिजाच्या बांधणींतच असतें.

येथें शेतकऱ्यानें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. खडकांतून सुटलेलें पोटॅश व चुना हेंच पिकाचें अन्न आहे. म्हणजे ज्या क्रियेनें कुंभारास चिकण माती मिळते, तिनेंच पिकास पोटॅश मिळतें.

सगळीं खनिजें सारख्या वेगानें कुजत नाहींत. अमेरिकेंतील भूशास्त्रज्ञ गोल्डिच यानें १९३८ सालीं त्यांचा क्रम दाखवून दिला. ऑलिव्हीन व पायरोक्सीन हीं काळसर खनिजें लवकर कुजतात, फेल्स्पार त्यानंतर, आणि गारेचा दगड, म्हणजे क्वार्ट्‌झ, जवळजवळ कुजतच नाहीं. म्हणून ग्रॅनाइट खडक कुजला म्हणजे मातीबरोबर गारेची वाळू उरते. आपला काळा कातळ कुजला म्हणजे अशी वाळू फारशी मागें राहत नाहीं, आणि जमीन भारी होते.

एकच कातळ, दोन तऱ्हेची माती

महाराष्ट्राचा मोठा भाग ज्या काळ्या कातळाचा बनला आहे त्यास बेसाल्ट म्हणतात. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून तप्त रस वारंवार वर येऊन थरावर थर पसरला, व आजही तो सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेशावर आहे. सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंस खडक हाच. परंतु माती पाहावी तर सोलापुराकडे काळी, आणि महाबळेश्वर, पांचगणी व कोंकण येथें तांबडा जांभा. हा फरक पाण्यानें केला आहे.

कोंकणांत व घाटमाथ्यावर पाऊस अतिशय, आणि उतारामुळें पाण्याचा निचराही जोराचा. तेथें पाण्यानें चुना, पोटॅश, सोडा व बरीचशी सिलिकासुद्धां धुवून नेली. मागें लोखंड व अ‍ॅल्युमिना यांचा गंज आणि केओलिनाइट माती एवढेंच राहिलें, तोच जांभा. या दगडास लॅटेराइट हें नांव फ्रान्सिस बुकॅनन यानें १८०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दिलें. मलबारांत लोक हा मऊ दगड विटांसारखा कापून घरें बांधतात हें पाहून, लॅटिन भाषेंतील विटेच्या शब्दावरून त्यानें तें योजिलें.

सह्याद्रीच्या पूर्वेस पाऊस थोडा व जमीन सपाट. तेथें सुटलेला चुना वगैरे द्रव्यें वाहून गेलीं नाहींत. तीं सिलिकेसह जागींच राहिल्यामुळें माँटमोरिलोनाइट वर्गांतली निराळीच चिकण माती तयार झाली. अधिक झालेला चुना खालच्या थरांत खड्यांच्या रूपानें सांठला, तीच चुनखडी.

या दोन मातींची बांधणी समजली म्हणजे पुढचें सर्व समजतें. दोन्ही अतिसूक्ष्म पापुद्र्यांच्या बनलेल्या असतात, भाकरींची चवड असते तशा. केओलिनाइटांत पापुद्रे एकमेकांस घट्ट चिकटलेले असतात. पाणी मध्यें शिरूं शकत नाहीं. माँटमोरिलोनाइटांत तीं जोडणी सैल असते. पाणी आंत शिरून चवड फुगते व वाळतांना पुन्हा बसते. काळ्या रानास उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणानें. पिकाचें अन्न धरून ठेवण्याची शक्तीही याच पापुद्र्यांत असते. शास्त्रीय मापानें ती केओलिनाइटांत १०० ग्रॅममागें ३ ते १५, तर माँटमोरिलोनाइटांत ८० ते १५० पर्यंत भरते. अर्थात् जी माती पिकास उदार, ती कुंभारास त्रासदायक; आणि जी कुंभारास सोईची, ती खताशिवाय पीक द्यावयास कृपण.

पांढरी माती कोठें सांपडते

चिनी मातीच्या भांड्यांस पांढरी शुभ्र माती लागते. तिला केओलिन म्हणतात, व हें नांव चीन देशांतील जिंगदेजेन या भांड्यांच्या गांवाजवळील गाओलिंग टेंकडीवरून पडलें. इंग्लंडांतील कॉर्नवॉल परगण्यांत विल्यम कुकवर्दी यास अठराव्या शतकाच्या मध्यास अशीच माती सांपडली, व १७६८ सालीं त्यानें चिनी मातीच्या भांड्यांचें पेटंट घेतलें. दोन्ही ठिकाणीं मूळ खडक ग्रॅनाइट जातीचा. कॉर्नवॉलांत तर पावसाच्या पाण्याबरोबर भूगर्भांतील उष्ण पाण्यानेंही तो कुजविला.

कारण उघड आहे. ग्रॅनाइटांत लोखंड थोडें व फेल्स्पार पुष्कळ. आपल्या बेसाल्टांत लोखंडाचें ऑक्साइड शेंकडा १० ते १५ पर्यंत असतें. त्यामुळें बेसाल्ट कितीही कुजला तरी त्याची पांढरी चिनी माती होणें नाहीं. महाराष्ट्रांत ती पाहावयाची तर बेसाल्टाच्या सीमेबाहेर, दक्षिण कोंकणाच्या टोंकाकडे किंवा विदर्भाच्या पूर्व भागांत, जेथें जुने खडक उघडे आहेत तेथें पाहावी. चंद्रपुराकडे कोळशाच्या थरांबरोबर भट्टीच्या विटांस लागणारी, फार उष्णता सोसणारी अग्निमातीही मिळते.

देशावरील शेतांत पांढरा थर लागला कीं, येथें चिनी माती आहे असें सांगून आशा लावणारे लोक भेटतात. तो थर बहुधा चुनखडीचा असतो. त्यावर लिंबाचा रस पिळावा. फसफसून बुडबुडे आले म्हणजे तो चुना, माती नव्हे. एका लिंबानें मोठा खर्च व मोठा मनस्ताप वांचतो.

जागींच तयार झालेली माती व पाण्यानें वाहून आणलेली माती यांतही भेद आहे. जागची माती शुद्ध पण भरड असते, आणि तिला चिकटपणा कमी. नदीच्या पुरानें आणलेली माती वाटेंत चाळली जाते. जाड वाळू मागें राहते व बारीक कण संथ पाण्यांत बसतात. म्हणून नदीकांठची व तळ्यांतील माती चाकावर चांगली चढते. मंगळुरी कौलें प्रसिद्ध झालीं तीं नेत्रावती व गुरुपूर या नद्यांच्या कांठच्या अशा मातीमुळें. तेथें बासेल मिशननें १८६५ च्या सुमारास कारखाना काढला.

आंचेंत काय होतें

माती भट्टींत घातल्यावर प्रथम वरवरचें पाणी जातें. ५०० ते ६०० अंश सेंटिग्रेडपर्यंत बांधणींतलें पाणीही निघून जातें, व त्यानंतर ती माती पुन्हां भिजवून चिखल होत नाहीं. गाडगें फुटलें तरी खापर शतकानुशतकें टिकतें तें यामुळें. साध्या विटा व मडकीं ९०० अंशांच्या आगेंमागें भाजतात. चिनी मातीचीं उंची भांडीं १३०० ते १४०० अंशांस. हवा खेळती असली म्हणजे मातींतील लोखंडास तांबडा रंग येतो. भट्टी कोंडून धूर धरला म्हणजे तीच माती काळी निघते.

काळ्या मातीच्या विटेस दोन रोग असतात. एक, वाळतांना ती फार आकसते व तडकते. दुसरा चुनखडीचा. भट्टींत चुनखडीच्या खड्याची कळी होते. पुढें ती कळी ओल घेऊन फुगते, व पक्की दिसणारी वीट भिंतींत बसल्यावर फुटते. यासाठीं जाणते लोक काळ्या मातींत वाळू किंवा राख मिसळतात, माती चाळतात, किंवा ती घेतच नाहींत.

घरगुती परीक्षा

१. कांचेच्या बाटलींत एक तृतीयांश माती व बाकी पाणी घालून खूप हलवावें व ठेवून द्यावें. वाळू मिनिटभरांत बसते. चिकण मातीचे कण इतके सूक्ष्म असतात कीं, त्यांतील मोठ्यांत मोठ्यासही १० सेंटिमीटर खालीं यावयास सुमारें ८ तास लागतात. दुसऱ्या दिवशीं थर मोजावे.

२. माती मळून १५ सेंटिमीटरांची कांब करावी, तीवर १० सेंटिमीटरांवर दोन खुणा कराव्या व सावलींत वाळवावी. अंतर अर्ध्या ते पाऊण सेंटिमीटरानें कमी झालें तर ठीक. याहून बरेंच अधिक झालें व तडे गेले तर माती फार भारी समजावी.

३. तीच कांब कुंभाराच्या भट्टींत भाजून घ्यावी व आठवडाभर ओलसर जागीं ठेवावी. पांढरे ठिपके फुगून कपचे उडाले तर चुनखडी आहे.

विकण्यापूर्वी करावयाचा हिशेब

महसूल खात्यांत कारकुनी करितांना ब्रासाचीं मापें पुष्कळ लिहावीं लागलीं, म्हणून हिशेब मांडतों. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. म्हणून एका गुंठ्यांतून एक फूट माती काढली तर जवळजवळ ११ ब्रास, आणि एका एकरांतून सुमारें ४३५ ब्रास माती जाते. ९ × ४॥ × ३ इंचांची वीट धरली तर एका गुंठ्याच्या एक फूट थरांत, तूटफूट न धरतां, सुमारें १५,००० विटा होतात. भट्टीस हें काम कांहीं दिवसांचें. परंतु कातळापासून एक इंच माती व्हावयास शेंकडों वर्षें लागतात, व फुटाचे इंच बारा. कोणता भाव ठरवावा तें ज्यानें त्यानें ठरवावें. पण हें प्रमाण डोळ्यांपुढें ठेवून ठरवावें.

वरचा थर केवळ माती नव्हे. सेंद्रिय द्रव्य, खताचा अंश व जमिनीस जिवंत ठेवणारे सूक्ष्म जीव बहुतेक त्याच थरांत असतात. तो गेला म्हणजे शेत खोल होतें, पाणी तुंबतें, व शेजाऱ्याचा बांध ढांसळून भाऊबंदांत तंटा उभा राहतो.

कायद्याचीही बाजू आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४८ प्रमाणें खनिजांवर शासनाचा हक्क सांगितला असून विनापरवाना माती व मुरूम काढून नेल्यास दंड आहे. सातबारावर आपलें नांव आहे एवढ्यानें व्यापारासाठीं माती काढण्याचा परवाना मिळाला असें होत नाहीं. चिनी माती व अग्निमाती यांसही १० फेब्रुवारी २०१५ रोजीं गौण खनिजांत घातलें आहे. म्हणून तहसील कचेरींत चौकशी केल्यावांचून गाडी भरूं देऊं नये. गाडी दुसऱ्याची असली तरी गट नंबर आपला असतो.

माती देणेंच भाग असेल, किंवा उंचवटा सपाट करावयाचा असेल, तर पुढील क्रम धरावा. वरचा अर्धा फूट थर प्रथम खरवडून बांधाकडे रचून ठेवावा. खालचा थर ठरल्या खोलीपर्यंत द्यावा. नंतर वरचा थर पुन्हां सारखा पसरावा. खोली, क्षेत्र व बांधापासूनचें अंतर लेखी करारांत घालावें, व मोजमाप आपल्या समक्ष व्हावें. शक्य तेथें वीटवाल्यास नाल्याच्या कांठची पडीक माती दाखवावी. तळ्यांतील गाळ मात्र हातचा सोडूं नये. तो आपल्याच रानांतून वाहून गेलेला बारीक अंश आहे; वरील परीक्षा करून तो मुरमाड शेतांत घालावा, म्हणजे पावसानें नेलेलें कांहीं अंशीं घरीं येईल.

कुंभाराचा धंदा मातीशिवाय चालत नाहीं, व गांवास मडकें, वीट आणि कौल हवेंच. प्रश्न माती द्यावी कीं न द्यावी एवढाच नाहीं. कोणती द्यावी, कोठची द्यावी व किती द्यावी हा आहे. त्याचें उत्तर विहिरीच्या बाजूवर लिहिलेलें आहे, तें प्रत्येकानें आपल्या शेतांत उतरून वाचावें.