त्रिशंकूसाठी तेरेखोलला

मे महिन्यात गोव्यात रात्री आकाश बघायला बाहेर पडायचं, तर त्रिशंकूसाठीच पडावं. दिल्लीत या तारकासमूहाचा तळाचा तारा क्षितिजावर येतच नाही. पेडणे तालुका साडेपंधरा अंश अक्षांशाच्या आसपास, त्यामुळे इथून चारही तारे दिसतात. पण सर्वांत वर असतात तेव्हाही दक्षिण क्षितिजापासून जेमतेम ११ ते १७ अंशांवर. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते, त्यावरून अंदाज घ्या. माडांची एक रांग आड आली, की त्रिशंकू गेला.

म्हणून जागा निवडताना आधी दक्षिण दिशा बघायची. डिचोलीत मये तलावाचा काठ सुरेख आहे, पण भोवती डोंगर. तिथे डोक्यावरचे तारेच बघावेत. खाणींच्या बाजूला मात्र रात्री मुळीच फिरकू नका, तिथले खंदक पाण्याने भरलेले असतात. मोरजीहून दक्षिणेला बार्देशच्या किनाऱ्याचे दिवे आड येतात. शिवाय मोरजी-मांद्रेच्या वाळूत समुद्री कासवं अंडी घालतात आणि पिल्लं उजेडाकडे भरकटतात. तिथे टॉर्च बंदच ठेवा. माझी पसंती तेरेखोल किल्ल्याकडच्या चढाला. समोर दक्षिणेला नदीचं मुख आणि समुद्र. केरीहून फेरीबोटीने जाता येतं. परतीची शेवटची फेरी किती वाजता, ते आधीच विचारून ठेवा. चुकलीच, तर रेडीमार्गे रस्ता आहे.

मेच्या मध्यावर रात्री साडेनऊ ही नेमकी वेळ, एप्रिलअखेरीस साडेदहा. सुरुवात उत्तरेकडून करा. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की नारिंगी स्वाती लागते, त्याच्याही पुढे निळसर-पांढरी चित्रा. चित्राच्या उजवीकडे, थोडा खाली, हस्ताचा वाकडा चौकोन. तिथून नजर सरळ खाली क्षितिजाकडे उतरवा, की पतंगासारखे चार तारे दिसतील. उजवीकडे अजून खाली असाच एक मोठा, फिकट क्रूस असतो. नवखे हमखास तिथेच थांबतात. खूण एकच: खऱ्या त्रिशंकूच्या डावीकडे नरतुरंगाचे दोन ठळक तारे असतात. त्यातला अधिक तेजस्वी तो मित्र, सूर्याला सर्वांत जवळच्या ताऱ्यांच्या कुटुंबातला, सव्वाचार प्रकाशवर्षांहून किंचित लांबचा.

अकरापर्यंत थांबलात तर आग्नेयेला तांबडी ज्येष्ठा आणि नांगीसकट सगळा वृश्चिक वर आलेला असतो. तो बघितल्याशिवाय निघू नका.

मेच्या उत्तरार्धात ढग जमू लागतात. तेव्हा एप्रिलअखेरची किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यातली अमावास्येजवळची रात्रच धरा.