शाळेच्या दारातले यंत्र

विमानतळावर, मोठ्या देवळात किंवा शहरातल्या मोठ्या दुकानात जाताना आपल्याला एका चौकटीतून आत जावे लागते. चौकट दाराची असते, पण तिला दार नसते. आपण पाऊल टाकले की ती कधी कधी वाजते. मग पहारेकरी थांबवतो. खिशातून किल्ल्या निघतात, सुटे पैसे निघतात, आणि आपण पुढे जातो. या चौकटीला मेटल डिटेक्टर म्हणतात. मेटल म्हणजे धातू. डिटेक्टर म्हणजे हुडकून काढणारा. धातू हुडकणारे हे यंत्र आहे.

आता अशी कल्पना करा, की आपल्या मुलाला रोज सकाळी शाळेत शिरताना या चौकटीतून जावे लागते. पाठीवरचे दप्तर काढायचे, कमरेचा पट्टा काढायचा, आणि रांगेत उभे राहायचे. अमेरिकेत काही सरकारी हायस्कुलांत हे रोज घडते. तिथली मुले चौदा ते अठरा वर्षांची असतात.

हे यंत्र शाळेत का आले? त्याने मुले सुरक्षित झाली का? या धड्यात आपण याचा विचार करू.

यंत्र काम कसे करते?

चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या खांबांत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्या तारेतून वीज वाहू लागली की वेटोळ्याभोवती चुंबकासारखी शक्ती तयार होते. ती डोळ्यांना दिसत नाही, अंगाला लागत नाही. या शक्तीच्या आवाक्यात धातूची वस्तू आली, की त्या वस्तूतही विजेचे बारीक प्रवाह फिरू लागतात. त्यामुळे यंत्राभोवतीच्या शक्तीत थोडा फरक पडतो. तो फरक यंत्राला कळतो. लगेच दिवा लागतो किंवा शिट्टी वाजते. हातात धरायची दांडीसारखी यंत्रे असतात, तीही याच तत्त्वावर चालतात.

म्हणजे यंत्राला काय कळते? इथे धातू आहे, एवढेच कळते. तो धातू चाकूचा, की जेवणाच्या डब्याचा, हे त्याला नीट सांगता येत नाही. ते माणसाला बघावे लागते.

याविषयी एक जुनी गोष्ट आहे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी अंगात अडकली, पण कुठे ते डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनमुळे नावाजलेले अलेक्झांडर ग्रॅहम बेल मदतीला आले. त्यांनी धातू हुडकणारे एक यंत्र तयार केले होते. यंत्र चांगले होते. पण राष्ट्राध्यक्षांच्या बिछान्यात धातूच्या स्प्रिंगा होत्या. यंत्र त्यांनाही दाद देऊ लागले. शिवाय डॉक्टरांनी अंगाची एकच बाजू तपासू दिली. गोळी सापडली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष वारले.

यंत्र चांगले असले तरी ते कुठे लावले आणि कसे वापरले, यावर सारे अवलंबून असते. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू. पुढे तिचा उपयोग होईल.

हे यंत्र शाळेत का आले?

अमेरिकेत बंदूक बाळगणे हा नागरिकांचा हक्क मानला जातो. १७९१ साली तो तिथल्या राज्यघटनेत लिहिला गेला. लक्षावधी घरांत बंदूक किंवा पिस्तूल असते. घरात शस्त्र असले, की ते कधी ना कधी मुलाच्या हाती लागण्याची भीती असतेच.

१९८० नंतरच्या काळात तिथल्या मोठ्या शहरांत टोळ्यांची भांडणे आणि गोळीबार वाढले. त्याची झळ शाळांनाही लागली. काही मुले मारामारीसाठी शस्त्र आणत. काही मुले नुसत्या भीतीपोटी आणत. 'दुसऱ्याजवळ आहे, मग माझ्याजवळ नको का?' असा त्यांचा विचार. १९८८ साली न्यूयॉर्क शहराने काही हायस्कुलांत हातातल्या यंत्रांनी मुलांची तपासणी सुरू केली.

२६ फेब्रुवारी १९९२ रोजी त्याच शहरातल्या थॉमस जेफरसन हायस्कुलात एका विद्यार्थ्याने दोन विद्यार्थ्यांना गोळ्या घालून ठार केले. त्याच दिवशी शहराचे महापौर डेव्हिड डिंकिन्स मुलांशी बोलायला त्या शाळेत यायचे होते. शहर हादरले. आणखी शाळांत यंत्रे बसवा, अशी मागणी झाली, आणि ती बसवलीही गेली. पुढल्या वर्षी, १९९३ साली, लॉस एंजेलिस शहरातल्या एका हायस्कुलात वर्गातच दप्तरातले पिस्तूल उडाले आणि एक विद्यार्थी मेला. त्या शहरानेही मुलांची अचानक तपासणी करायला सुरुवात केली.

आईबापांनी हे मागितले, यात नवल नाही. सकाळी डबा देऊन पाठवलेले पोर संध्याकाळी घरी आले पाहिजे. एवढीच त्यांची मागणी होती.

तरी सगळ्या शाळांत हे यंत्र आहे, असे मात्र नाही. अमेरिकेतल्या बहुतेक शाळांत ते नाहीच. ज्या थोड्या शाळांत आहे, त्यांतल्या पुष्कळशा मोठ्या शहरांतल्या आहेत. तिथे बरीच मुले कृष्णवर्णीय आणि गरीब घरांतली असतात.

यंत्राचा उपयोग झाला का?

उपयोग झाला. पण किती झाला, ते नीट मोजून पाहू.

१९९२ साली न्यूयॉर्कच्या हायस्कुलांतल्या मुलांना लेखी प्रश्न विचारले गेले. त्यांची उत्तरे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने १९९३ साली छापली. ज्या शाळांत यंत्र नव्हते, तिथे शंभरातल्या सुमारे १४ मुलांनी सांगितले, की आपण महिन्याभरात कधी तरी शाळेच्या इमारतीत शस्त्र नेले होते. ज्या शाळांत यंत्र होते, तिथे असे सांगणारी मुले शंभरात सुमारे ८ निघाली. १४ चे ८ झाले, हा लहान फरक नव्हे.

पण त्याच मुलांना आणखी एक प्रश्न विचारला होता. शाळेतच नव्हे, तर कुठेही शस्त्र बाळगले होते का? याचे उत्तर दोन्हीकडे जवळजवळ सारखे आले. शंभरात सुमारे २१. मारामाऱ्या आणि धमक्या यांतही फरक दिसला नाही.

याचा अर्थ काय? यंत्राने काही शस्त्रे दाराबाहेर ठेवली. पण भांडण दाराबाहेर राहिले नाही. ते मुलांबरोबर आत गेले आणि सुटी झाल्यावर त्यांच्याबरोबर रस्त्यावर आले.

२०११ साली काही अभ्यासकांनी १५ वर्षांतले संशोधन गोळा करून तपासले. यंत्राने शाळेतला हिंसाचार कमी होतो, असे ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही. उलट, यंत्र पाहून काही मुलांना शाळा अधिकच धोक्याची वाटते, असे त्यांना आढळले.

यंत्र असूनही काय घडले?

२१ मार्च २००५. मिनेसोटा राज्यातले रेड लेक हे तिथल्या मूळ रहिवाशांचे गाव. गावच्या हायस्कुलाच्या दारात मेटल डिटेक्टर होता. पहारेकरीही होता, पण त्याच्याजवळ शस्त्र नव्हते. सोळा वर्षांचा एक विद्यार्थी बंदुका घेऊन आला. त्याने दारातच पहारेकऱ्याला गोळी घातली आणि तो आत शिरला. शाळेत ७ माणसे मेली. त्यांत पहारेकरी, एक शिक्षिका आणि ५ विद्यार्थी होते. शेवटी त्या मुलाने स्वतःवरही गोळी झाडली.

इथे यंत्र बिघडले नव्हते. पण जो शस्त्र लपवून आणतो, त्यालाच यंत्र पकडू शकते. जो शस्त्र उघडे घेऊन येतो, त्याला शिट्टीची काय भीती?

दुसरी अडचण वेगळी आहे. यंत्र फार बारीक लावले, तर प्रत्येक पट्टा आणि प्रत्येक किल्ली वाजते. हजार मुलांची रांग रस्त्यापर्यंत जाते आणि पहिला तास बुडतो. यंत्र सैल लावले, तर रांग भराभर सरकते, पण नको ती वस्तूही निसटते. २०२२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका शहरात असेच घडले. तिथल्या हायस्कुलात रांग न थांबवणारी नव्या तऱ्हेची यंत्रे होती. एक मुलगा सुरी घेऊन त्यांतून आत गेला आणि त्याने दुसऱ्या मुलाला भोसकले.

मुलांचाही मान असतो

ज्याची झडती घेतली जाते, त्याला कसे वाटते, याचाही विचार हवा. आपण विमानतळावर वर्षातून एखादे वेळी जात असू. शाळेत मूल रोज जाते. रोज सकाळी कोणी तरी त्याला न बोलता सांगते, 'तुझ्यावर आमचा संशय आहे.' शहराच्या एका भागातली मुले सरळ वर्गात जातात आणि दुसऱ्या भागातली मुले हात वर करून उभी राहतात. असे असले, की मुलांना तो फरक कळतो. मुले काही दूधखुळी नसतात.

याविषयी कायदा काय म्हणतो? १९८५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अकारण झडतीपासून घटनेने दिलेले संरक्षण विद्यार्थ्यालाही आहे. शाळेच्या फाटकात ते संपत नाही. मात्र शिक्षकांना पोलिसांसारखे वॉरंट लागत नाही. संशयाला रास्त कारण असले म्हणजे पुरे. दारात सर्वांची सारखीच तपासणी होत असेल, तर तीही अनेक न्यायालयांनी मान्य केली आहे.

कायद्याने चालते, पण ते शहाणपणाचे आहे का? लॉस एंजेलिस शहरात या प्रश्नावर पुष्कळ वाद झाला. वर्गातून वाटेल त्या मुलांना उठवून तपासणे अपमानाचे आहे, असे विद्यार्थी सांगत राहिले. अखेर जून २०१९ मध्ये तिथल्या शाळा मंडळाने ही अचानक तपासणी बंद करण्याचा ठराव केला. काही पालकांना तो पटला, काहींना पटला नाही. दोघांच्याही मनात काळजी आपल्या मुलांचीच होती.

मग करायचे काय?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांचे रक्षण करणारे जे सरकारी खाते आहे, त्याने १९७४ ते २००० या काळातल्या ३७ शाळांवरील हल्ल्यांचा अभ्यास केला. त्यांत दोन गोष्टी ठळकपणे दिसल्या. शंभरातल्या ८१ घटनांत हल्ल्याचा बेत आधीच निदान एका माणसाला तरी ठाऊक होता. बहुधा तो माणूस म्हणजे त्या मुलाचा मित्र किंवा वर्गातला सोबती असे. आणि बहुतेक हल्ल्यांत शस्त्र मुलाच्या स्वतःच्या घरातून किंवा नातेवाइकाच्या घरातून आलेले होते.

म्हणजे कळले होते, पण कोणी सांगितले नव्हते. शस्त्र होते, पण कुलपात नव्हते.

मिशिगन राज्यातल्या ऑक्सफर्ड गावच्या हायस्कुलात ३० नोव्हेंबर २०२१ रोजी काय झाले, ते पाहा. सकाळी एका शिक्षिकेला पंधरा वर्षांच्या एका मुलाच्या कागदावर पिस्तुलाचे चित्र आणि मदतीची याचना दिसली. त्याच्या आईबापांना बोलावले गेले. त्यांनी त्याला घरी नेले नाही. शाळेने त्याचे दप्तर उघडून पाहिले नाही. मुलगा वर्गात परत गेला. पिस्तूल त्या दप्तरातच होते. चार विद्यार्थी मेले. ते पिस्तूल बापाने चारच दिवस आधी विकत घेतले होते. २०२४ साली ज्युरीने आई आणि बाप या दोघांनाही दोषी ठरवले, आणि त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली.

इथे धोक्याची शिट्टी वाजली होती. ती यंत्राने वाजवली नव्हती, मुलानेच वाजवली होती. ती ऐकून जे करायला हवे होते, ते झाले नाही.

यंत्र नकोच, असे आमचे म्हणणे नाही. ज्या शाळेत चाकू-पिस्तुले येतात, तिथे दारावर तपासणी करणे कधी कधी भाग पडते. पण ती सर्वांची सारखी असावी. ती करणाऱ्याने मुलाशी नीट बोलावे. झटपट व्हावी. आणि यंत्र बसवले म्हणून आपले काम संपले, असे कोणी समजू नये. यंत्र खिशातले लोखंड ओळखते. मनातला राग आणि भीती ओळखायला आई, बाप, शिक्षक आणि मित्रच लागतात. एखादे मूल एकाएकी गप्प झाले, जिवाचे बरेवाईट करण्याची किंवा दुसऱ्याला मारण्याची भाषा बोलू लागले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्याला जवळ बसवावे आणि त्याचे ऐकून घ्यावे. सोबत्याने ते मोठ्यांना सांगितले, तर ती चुगली नव्हे. त्याने कोणाचा तरी जीव वाचतो.

विचार करा व एकमेकांना सांगा

१. मेटल डिटेक्टरला काय कळते आणि काय कळत नाही?

२. बेल यांच्या यंत्राला गोळी का सापडली नाही?

३. न्यूयॉर्कच्या पाहणीत १४ आणि ८ हे आकडे कशाचे आहेत? दोन्हीकडे सुमारे २१ हा आकडा आला, त्यावरून काय समजते?

४. आपल्या मुलाच्या शाळेच्या दारात असे यंत्र बसवायचे ठरले, तर तुम्ही पालकांच्या सभेत कोणते प्रश्न विचाराल?