पावसांतील आगकाडी

आगकाडी ही वस्तु इतकी क्षुद्र व इतकी सुलभ झाली आहे कीं, तिच्याविषयीं एखादा निबंध लिहावा असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आमच्याही मनांत आलें नसतें. परंतु गेल्या श्रावणांत लोणावळ्याहून राजमाचीस पायीं जात असतां जो प्रसंग ओढवला, त्यानें या दीड इंची काडीपुढें आम्हांस विद्यार्थी म्हणून बसविलें. त्या वाटेवर जें शिकलों व मागाहून शाळेच्या प्रयोगशाळेंत जें पडताळून पाहिलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

लोणावळ्यापासून राजमाचीच्या उधेवाडीपर्यंतची वाट सुमारें १५ किलोमीटरांची. आम्ही सातजण सकाळीं निघालों, आणि दुपारपर्यंत पावसानें एकदांही उसंत दिली नाहीं. आमच्यांतील सर्वांत लहान गडी एका ओढ्यांत घसरून आपादमस्तक भिजला. प्रथम तो कुडकुडूं लागला तेव्हां आम्ही हंसलों. पुढें त्याचे शब्द अडखळूं लागले, पिशवीचा बंद त्याच्या बोटांनीं सुटेना, आणि "मला इथेंच बसूं द्या" असें तो पुनःपुन्हां म्हणूं लागला, तेव्हां आमचें हंसें मावळलें. पाण्याची उष्णता वाहून नेण्याची शक्ति हवेच्या सुमारें २४ पट आहे, हें आम्ही पुस्तकांत वाचलें होतें. ओले कपडे व घाटमाथ्याचा वारा मिळून माणसाच्या अंगांतील ऊब कशी शोषून घेतात, हें प्रत्यक्ष प्रथमच पाहिलें. असा मनुष्य कुडकुडतो आहे तोंवर बरें. गार असूनही त्याचें कुडकुडणें थांबलें, तर तें सुधारण्याचें नव्हे, बिघडण्याचें लक्षण होय.

वाटेंत एक रिकामा गोठा लागला. आंत चार वाळकीं लांकडें होतीं, आमच्याजवळ पातेलें, चहा, साखर होती, आणि आगपेटीही होती. ती एकानें मोठ्या दक्षतेनें रेनकोटाच्या आंत, सदऱ्याच्या खिशांत जपून आणिली होती. पावसाचा एक थेंबही तिला लागला नव्हता. तरी पहिली काडी ओढतांच तिचा गुल चिखलासारखा पट्टीवर फासला गेला. दुसरीचीही तीच गत. पंचवीसेक काड्या संपल्या, पट्टी खरवडून निघाली, पण ठिणगी पडली नाहीं. (परक्याच्या गोठ्यांत विस्तव करणें कितपत शहाणपणाचें होतें, असा प्रश्न नंतर आमच्या शिक्षकांनीं विचारला, त्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें.) शेवटीं त्याचे ओले कपडे काढून, पिशवीच्या तळाशीं कोरडा राहिलेला एकुलता एक स्वेटर त्यास घातला आणि दोघांनीं दोन्ही बाजूंनीं धरून त्यास चालविलें.

उधेवाडींतील पहिल्याच घरांत एका आजींनीं आम्हांस आंत घेतलें. त्यांनीं काडी ओढलीच नाहीं. राखेखालचे निखारे उकरले, त्यांवर काटक्या ठेविल्या, फुंकणीनें दोन फुंका घातल्या. आणि पाणी उकळण्यास कितीसा वेळ लागला असेल! आमचा गडी चहाचा दुसरा पेला पिऊं लागल्यावर आम्हीं आमच्या आगपेटीची कर्मकथा सांगितली. आजींनीं पेटी हातांत घेऊन दाबून पाहिली व म्हणाल्या, "ही पावसानं न्हाय भिजली, पोरांनो. तुमच्या घामानं भिजली. अंगाचा घामबी पानीच की." त्यांची स्वतःची पेटी चुलीवरच्या फळीवर, पत्र्याच्या डबींत होती.

त्या एका वाक्यांत आमची सर्व चूक आली होती. आम्हीं पाऊस बाहेर ठेविला, पण ओलावा आंत कोंडला.

आतां काडी ओली झाल्यानें पेटत नाहीं म्हणजे नेमकें काय होतें, तें पाहूं. घर्षणानें पेटणारी काडी १८२७ सालीं इंग्लंडांत जॉन वॉकर नांवाच्या औषधविक्रेत्यानें प्रथम विकावयास काढिली. पुढें पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या निघाल्या. त्या विषारी असून कारखान्यांतील मजुरांचे जबडे कुजवीत, म्हणून हिंदुस्थानांत १९१३ सालीं कायद्यानें त्या बंद करण्यांत आल्या. हल्लींची निर्धोक काडी स्वीडनची देणगी आहे. गुस्ताव्ह एरिक पाश यानें १८४४ सालीं युक्ति काढिली कीं, पेट घेणारे पदार्थ एकत्र न ठेवतां वेगळे ठेवावे. त्यामुळें काडीच्या गुलांत पोटॅशियम क्लोरेट, गंधक, कांचेची पूड व हें सर्व धरून ठेवणारा सरस असतो. तांबडा फॉस्फरस मात्र पेटीच्या बाजूच्या तपकिरी पट्टीवर. दोहोंची गांठ पडली कीं ज्वाळा निघते.

यांत दोन वस्तु पाण्याच्या वैरी आहेत. क्लोरेट पाण्यांत विरघळतो आणि सरस पाण्यानें मऊ होतो. म्हणून ओला गुल नुसता ओला नसतो, तो मोडकळीस आलेला असतो. तो वाळविला तरी पुष्कळदां पट्टीवर ओढतांच भुगा होऊन पडतो. दमट हवेंतही हेंच, फक्त सावकाश घडतें. तमिळनाडूंतील शिवकाशी येथें १९२३ सालापासून हा धंदा भरभराटीस आला, त्याच्या कारणांत तेथील कोरड्या हवेची गणना होते, हें येथें ध्यानांत घ्यावें.

ओलावा येण्याची तिसरीही एक वाट आहे, व तीस पाऊसही नको, घामही नको. १९११ सालच्या हिंवाळ्यांत विल्सन, बॉवर्स व चेरी-गॅरार्ड हे तिघे इंग्रज एम्परर पेंग्विनचीं अंडीं आणण्याकरितां दक्षिण ध्रुवप्रदेशांत केप क्रोझियरकडे गेले होते. उष्णमान शून्याखालीं ६० अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरलें. तेथें पावसाचें नांव नाहीं. तरीही चेरी-गॅरार्डनें नमूद केलें आहे कीं, एक काडी पेटण्यासाठीं केव्हां केव्हां चार-पांच पेट्या चाळाव्या लागत. अतिशय गार झालेली पेटी तंबूच्या त्या मानानें उबदार हवेंत आली कीं तिच्यावर दंव धरे. थंड पाण्याच्या पेल्यास बाहेरून घाम येतो तोच हा प्रकार. आपल्याकडे ही वाट ध्रुवाइतकी बिकट नाहीं. तरी गार पहाटे बाहेर राहिलेली कुपी माणसांनीं भरलेल्या खोलींत आणून लगेच उघडूं नये, एवढें त्यावरून घ्यावें.

शाळेंत परत आल्यावर आम्हीं काड्यांचे तीन गट केले. एक साधा, दुसऱ्याचे गुल मेणांत बुडविले, तिसऱ्यास नखें रंगविण्याचा पारदर्शक रंग दोन हात दिला. मेणबत्तीचें मेण ६० अंशांच्या आसपास वितळतें, म्हणून तें उकळत्या पाण्यांत ठेविलेल्या वाटींतच वितळवावें. सरळ विस्तवावर कधींही नाहीं. नखांच्या रंगाची वाफ पेट घेते, तेव्हां तें काम दिव्यापासून दूर, खिडकीशीं करावें. मग तिन्ही गट पाण्यांत घातले. साध्या काड्यांनीं थोड्याच मिनिटांत पाणी रंगविलें. मेणाच्या व रंगाच्या काड्या तासाभरानें काढल्या. बहुतेक पेटल्या, कांहीं पेटल्या नाहींत. न पेटलेल्या भिंगाखालीं धरतां असें दिसलें कीं, लेप गुलापाशींच संपला होता आणि पाणी लांकडाच्या रेषांतून वर चढून गुलांत शिरलें होतें. म्हणून लेप गुलाच्या खालीं बोटाच्या पेराएवढा तरी लांकडावर उतरला पाहिजे. दुसरी गोष्ट: मेणाची काडी तशीच ओढल्यास पट्टीवर मेण माखतें व पट्टी गुळगुळीत होऊन निकामी होते. आधीं नखानें गुलाच्या टोंकावरचें मेण खरवडावें. बाजारांत मिळणारी मेणकाडी जलाभेद्य असते, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. तिची दांडी मेणाची, गुल साधाच.

वादळी काड्या म्हणून ज्या विकत मिळतात, त्यांचा मसाला दांडीच्या बऱ्याच भागावर चढविलेला असतो व त्या जोराच्या वाऱ्यांतही जळत राहतात. चांगल्या आहेत, पण महाग. आणि जळून गेल्यावरही टोंक बराच वेळ रसरसतें, तेव्हां ती गवतांत फेंकूं नये.

काडीची चिंता वाहतांना लोक पट्टी विसरतात. शंभर कोरड्या काड्या व एक भिजलेली पट्टी यांची किंमत शून्य. पट्टी कापून निराळ्या प्लास्टिकच्या तुकड्यांत गुंडाळावी व फिरकीच्या झांकणाच्या, आंत रबरी कडें असलेल्या कुपींत काड्यांसह ठेवावी. गुल व पट्टी एकमेकांस घासूं देऊं नयेत. वर कापसाचा बोळा दाबला म्हणजे काड्या खुळखुळत नाहींत. कुपी भरावयाची ती कोरड्या दिवशीं, कोरड्या हातांनीं. भर पावसांत भरलेली कुपी ओलावाच जतन करते. अशा दोन कुप्या दोघांच्या पिशव्यांत असाव्या, कारण ओढ्यांत पिशवी जाते तेव्हां ती आंतील सर्व शहाणपण घेऊन जाते.

आतां पेटविणें. काडी सर्वांत शेवटीं काढावयाची. आधीं आडोसा, मग वाळक्या उभ्या फांद्या चिरून त्यांच्या गाभ्यांतील कोरड्या ढलप्या, मग बोटाएवढ्या काटक्या, आणि हें सर्व हाताशीं रचून झाल्यावर कुपीचें झांकण उघडावें. वाऱ्याकडे पाठ करावी. काडी गुलाजवळ धरून अंगापासून दूर ओढावी, लगेच दोन्ही तळव्यांची ओंजळ करून तींत ती किंचित् खालीं तोंड करून धरावी, म्हणजे ज्वाळा दांडीवर चढते. त्या काडीनें लांकूड पेटविण्याची घाई करूं नये. मेणबत्तीचा तुकडा पेटवावा. काडी दहा-पंधरा सेकंद जगते, मेणबत्ती अर्धा तास धीर धरते. देवघरांतील कापूरही उत्तम. तो पाण्यांत फारसा विरघळत नाहीं व ओला झाला तरी पुसून पेटतो. परंतु उघड्यावर उडून जातो, म्हणून त्याची डबी घट्ट हवी. ओलसर काडी केसांत घासण्याची जुनी युक्ति केस कोरडे असतील तरच उपयोगाची. राजमाचीच्या वाटेवर आमचे केस काडीहून ओले होते.

राखीव जंगलांत व अभयारण्यांत विस्तव करण्यास मनाई असते. तेथें ही सामग्री जिवावरच्या प्रसंगासाठींच बाळगावयाची. आणि प्रसंग निभावल्यावर निखाऱ्यांवर पाणी ओतून, राख हातानें चांचपून ती गार झाल्याची खात्री करावयाची.

आमच्या दोन्ही कुप्या सध्यां प्रयोगशाळेच्या कपाटांत आहेत. दरवर्षीं मृगाच्या आधीं प्रत्येकींतील दोन काड्या ओढून पाहावयाच्या व पट्टी बदलावयाची, असें ठरलें आहे. तें काम त्या सर्वांत लहान गड्यानें आपण होऊन मागून घेतलें.