पाहुण्याचा कर

परदेशच्या प्रवासाचा हिशेब मांडतांना आपण बहुधा तीन खर्च धरतों: भाडें, मुक्काम आणि जेवण. युरोपांतील पुष्कळ शहरांत एक चौथाही खर्च असतो, आणि तो आधीं ठाऊक नसला म्हणजे निघतेवेळीं प्रवाशाची कुचंबणा होते. हा खर्च म्हणजे प्रवासी कर. तो कोणास द्यावा लागतो आणि तो घेणें कितपत न्याय्य आहे, याचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करणार आहों.

हा कर अगदीं नवा नाहीं. फ्रान्समध्यें १९१० सालच्या कायद्यानें आरोग्यस्नानाच्या गांवांना तो बसविण्याची मुभा मिळाली. त्यामागील विचार सरळ आहे. रस्ते, दिवे व स्वच्छता यांचा लाभ पाहुणाही घेतो. मग त्याचा सर्व बोजा रहिवाशांनींच कां वाहावा?

आकारणीच्या मुख्य तऱ्हा दोन. लिस्बन येथें सप्टेंबर २०२४ पासून माणशीं दर रात्रीं ४ युरो घेतात. आम्स्टर्डाम येथें २०२४ पासून मुक्कामाच्या भाड्यावर शेंकडा साडेबारा कर आहे. खोलीचें भाडें रात्रीं २०० युरो धरलें, तर कर २५ युरो होतो. चार रात्रींचे १०० युरो झाले. म्हणजे चार रात्री राहून साडेचार रात्रींचे पैसे मोजावे लागतात. ठराविक रकमेचा कर स्वस्त धर्मशाळेंत उतरणाऱ्यास जड जातो आणि श्रीमंतास जाणवतही नाहीं. शेंकड्याचा कर ऐपतीप्रमाणें पडतो. म्हणून दुसरी तऱ्हा आम्हांस अधिक रास्त वाटते.

इटलीच्या खाणावळींत बिलावर ‘कोपेर्तो’ म्हणून माणशीं रक्कम लावलेली पुष्कळदां आढळते. ती मात्र सरकारी कर नव्हे. ती मालकाची आकारणी असते. पदार्थांच्या यादींत ती आधींच पाहून घ्यावी.

व्हेनिसनें याही पुढें पाऊल टाकलें. २५ एप्रिल २०२४ पासून, गर्दीच्या निवडक दिवशीं, मुक्काम न करितां केवळ दिवसभरासाठीं येणाऱ्यांवर ५ युरो प्रवेशशुल्क बसलें. त्या वर्षीं असे दिवस २९ होते. २०२५ मध्यें ते ५४ झाले आणि उशीरां नोंदणी करणारास १० युरो पडूं लागले. चौदा वर्षांखालील मुलांस हें शुल्क माफ आहे. १९५१ सालीं जुन्या व्हेनिसची वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती. आतां ती पन्नास हजारांहून कमी आहे. तरीही पहिल्याच दिवशीं कित्येक रहिवाशांनीं या शुल्काविरुद्ध निदर्शनें केलीं. तिकीट लावल्यानें आमचें गांव पदार्थसंग्रहालय बनेल, अशी त्यांची तक्रार होती.

ही तक्रार आम्हांस विचार करण्याजोगी वाटते. गांवच्या सोयींसाठीं पाहुण्यानें आपला वांटा देणें योग्यच होय. आपल्या माथेरानासही दस्तुरी नाक्यावर पावती घ्यावीच लागते. परंतु पैसे भरले म्हणजे गांव विकत घेतलें, असें पाहुण्यानें समजूं नये. आणि पैसे घेतले म्हणजे रहिवाशांविषयींचें कर्तव्य संपलें, असें नगरपालिकेनेंही समजूं नये.

विद्यार्थिमित्रांपैकीं जे पुढें परदेशीं जातील, त्यांनीं खोली ठरवितांनाच एक प्रश्न विचारावा: सांगितलेल्या भाड्यांत शहराचा कर धरला आहे काय? हा एक प्रश्न विचारला, तर शेवटच्या दिवशींचा पुष्कळ मनस्ताप वांचेल.