जतला जाताय? आधी पाणी भरून घ्या

सह्याद्रीत पाय मुरलेल्या माणसाला जत पहिल्यांदा रिकामंच वाटतं. घाट नाही, धुकं नाही. उघडे माळ, बाभळी, खुरट्या टेकड्या आणि त्यांच्यामधून भीमेकडे निघालेली, बहुतेक महिने कोरडीच असलेली बोर नदी. पण मध्ययुगातली गावं देखावा न होता नांदताना बघायची असतील, तर सांगली जिल्ह्याच्या या पूर्वटोकाला दोन दिवस द्याच. सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी. मार्चनंतर नाद सोडा.

सुरुवात उमराणीपासून करा. गाव जतच्या दक्षिणेला, कर्नाटकच्या हद्दीजवळ. एप्रिल 1673 मध्ये शिवाजीमहाराजांचे सेनापती प्रतापराव गुजर यांनी विजापूरच्या बहलोलखानाला इथं गाठलं आणि त्याच्या फौजेची पाण्याची वाट अडवली. निम्मी लढाई तिथंच संपली. खान गयावया करू लागला, प्रतापरावांनी त्याला जाऊ दिलं, शिवाजीमहाराज संतापले. आणि महाराजांचा बोल मनाला लागलेले प्रतापराव 24 फेब्रुवारी 1674 रोजी नेसरीला मोजक्या स्वारांनिशी खानावर तुटून पडले. उमराणीत गड-बुरूज शोधत बसू नका. सकाळी अकराच्या सुमाराला शिवाराबाहेर माळावर अर्धा तास नुसतं उभं राहा. घसा कोरडा पडला की लढाई आपोआप कळते. माणशी तीन लिटर पाणी जवळ हवंच. वाटेत मिळेल, या भरवशावर निघू नका.

याच उमराणीत बाराव्या शतकात दानम्मा जन्मली, असं परंपरा सांगते. ती बसवेश्वरांच्या काळातली शरणी, म्हणजे लिंगायत संत-स्त्री. तिचं मंदिर जतच्या पूर्वेला गुड्डापूरला. ‘गुड्ड’ म्हणजे कन्नडमध्ये टेकडी. कार्तिकी अमावास्येच्या यात्रेला महाराष्ट्र-कर्नाटकातून चालत येणाऱ्या भाविकांची रीघ लागते. गर्दी नको असेल तर तेवढे दिवस टाळा. मी मात्र मुद्दाम तेव्हाच जाईन. इकडे कानावर मराठीइतकंच कन्नड पडतं. ‘नीरु’ म्हणजे पाणी, एवढं आलं तरी निभतं.

पश्चिमेकडचं डफळापूर हे जतच्या डफळे संस्थानिकांचं मूळ गाव. घराणं चव्हाणांचं, गावावरून डफळे झालं. आदिलशाहीत मिळालेल्या वतनातून वाढलेलं हे संस्थान 1948 मध्ये विलीन झालं. गाव तासाभरात बघून होतं. त्यापेक्षा माडग्याळच्या बाजूला गाडी हळू घ्या. पोपटाच्या चोचीसारखं नाक असलेली माडग्याळी मेंढी रस्त्यातच आडवी येईल. धनगराला विचारल्याशिवाय फोटो काढू नका, आणि कळपात हॉर्न तर नकोच.

मुक्काम जत शहरातच करा, स्वतःची गाडी असलेली बरी. खेड्यांकडच्या एसटीवर विसंबायचं असेल तर परतीची शेवटची गाडी सकाळीच विचारून ठेवा. जेवणात कडक भाकरी आणि शेंगाचटणी मिळाली तर जास्तीची बांधून घ्या, दुसऱ्या दिवशीही टिकते. डिसेंबरात यल्लम्माची यात्रा असेल तर खोली आधीच धरा. खिलार जनावरांचा बाजार तेव्हाच भरतो.

आणि रेल्वेनं येणार असाल तर मिरजेलाच उतरा आणि तिथून एसटी धरा. मिरज-कुर्डुवाडी मार्गावर ‘जत रोड’ नावाचं स्टेशन आहे खरं, पण नावातल्या ‘रोड’चा अर्थ तिथं उतरल्यावरच कळतो. जत शहर तिथून बरंच लांब आहे.