अंत्यावस्थेतील रुग्णाची नोंद : एक व्यावहारिक पाठ

चरकसंहितेतील इंद्रियस्थान हे १२ अध्यायांचे स्थान अरिष्टलक्षणांच्या विवेचनास वाहिलेले आहे. सूत्रस्थानात व्याधींचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य व प्रत्याख्येय असे भेद सांगितले असून, चिकित्सेस आरंभ करण्यापूर्वी वैद्याने हा निर्णय करावा असे आचार्यांना अभिप्रेत आहे. असाध्य व्याधीस हात घालणाऱ्या वैद्याच्या अर्थ, विद्या व यश यांची हानी होते, असा इशाराही तेथे आहे. त्यावरून अशा रुग्णास सोडून द्यावे, असा अर्थ काही जण घेतात. आमच्या मते प्रत्याख्येय ठरतो तो व्याधी. रुग्ण कधीही प्रत्याख्येय नसतो. व्याधीनाशाचा प्रयत्न थांबला तरी वेदना, निद्रा, मलावष्टंभ, मुखशुद्धी व शय्याव्रण यांची काळजी शिल्लक राहतेच.

मात्र हा निर्णय वेळेत व्हावयाचा तर लेखी नोंद हवी. किनवट, मुखेड, उदगीर वा निलंगा भागातील रुग्ण प्रथम जवळच्या वैद्याकडे, मग नांदेड किंवा लातूर येथे, प्रसंगी सोलापूर वा हैदराबादपर्यंत जातो. प्रत्येक ठिकाणचा कागद निराळा. अखेरीस तो घरी परततो आणि पुन्हा आपल्याच हाती येतो. त्याचे बल कोणत्या महिन्यापासून घटू लागले, हे क्रमाने पाहिलेले असते ते आपणच.

बार्शीचा धडा

नोंदींमुळे काय साधते याचे उदाहरण जवळच आहे. बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीसह परांडा व भूम हे मराठवाड्यातील तालुकेही तीत आले. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते गावोगाव जाऊन माहिती घेत व लोकांत जागृती करीत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे पुढे याच नोंदींतून दिसले. हेच तत्त्व आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांसही लागू करता येईल.

केसपेपरवर काय लिहावे

प्रत्येक भेटीस तारखेसह पुढील ५ गोष्टी लिहाव्यात.

१) बल : रुग्ण स्वतः चालतो, आधाराने चालतो की अंथरुणास खिळला आहे, वजन व आहारमात्रा.
२) वेदना : रुग्णाने स्वतः ० ते १० या अंकांत सांगितलेली, सोबत निद्रा, श्वास व मलप्रवृत्ती.
३) साध्यासाध्यता : चारपैकी कोणता भेद, आणि तो बदलल्यास बदलाची तारीख.
४) औषधे : सर्व पॅथींची. वृक्क क्षीण झालेल्या रुग्णात रसौषधींची आवश्यकता पुन्हा तपासावी.
५) इच्छा : रुग्णास कोठे राहावयाचे आहे व त्याच्या वतीने कोणाशी बोलावे.

नोंदींचा उपयोग

दर ३ महिन्यांनी दिवंगत रुग्णांचे केसपेपर काढून तीन प्रश्न विचारावेत. प्रत्याख्येय ही नोंद मृत्यूपूर्वी किती दिवस झाली? त्यानंतर वेदनेचा अंक उतरला काय? अखेरच्या महिन्यात कुटुंबाने किती वेळा गाडी करून शहर गाठले? नोंद मृत्यूच्या दोन-चार दिवस आधीच होत असल्यास निर्णय उशिरा होतो आहे, हे उघड आहे. तेव्हा पुढील रुग्णात बल घटू लागताच कुटुंबाशी बोलावे. शेत गहाण पडण्यापूर्वी झालेले हे बोलणे हीदेखील चिकित्साच होय. थोड्या केसपेपरवरून टक्केवारी मात्र काढू नये. त्यांतून आपली रीत कळते, तेवढे पुरे.

औषधी दुकानदारांचाही यात वाटा आहे. एकाच घरातून वेदनाशामके, सारक औषधे व जखमेच्या पट्ट्या वारंवार नेल्या जात असतील, तर कुटुंबाच्या संमतीने वैद्यास कळवावे. तीव्र वेदनेत मॉर्फिनची गरज भासते. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांमार्फत ते मिळण्याचा मार्ग सुकर झाला आहे. प्रशिक्षित डॉक्टरांपर्यंत रुग्णास आपल्या नोंदींसह वेळेत पोहोचविणे, आणि मॉर्फिन सुरू झाल्यावर मलावष्टंभाकडे लक्ष देणे, हे आपले काम.

इच्छेच्या नोंदीस आता कायद्याचे बळही आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली व २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सुलभ केली. दोन साक्षीदारांसमक्ष केलेले हे पत्र नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकित करता येते, तसेच डिजिटल आरोग्य नोंदीतही समाविष्ट करता येते. रुग्णाचा १४ अंकी आभा क्रमांक असल्यास तो केसपेपरवर लिहून ठेवावा. तथापि रुग्णाच्या संमतीवाचून कोणतीही नोंद दुसऱ्याच्या हाती देऊ नये.

या कामास संगणकच हवा असे नाही. एक साधी वहीदेखील पुरते. वैद्यबंधू-भगिनींनी येत्या तिमाहीत निदान एका रुग्णापासून आरंभ करावा, ही विनंती.