आम्लातील पोलादाला गवार डिंकाचे संरक्षण

राजस्थान, हरियाणा व गुजरातच्या कोरडवाहू भागात गवार मुख्यतः बियांसाठी घेतली जाते. बियांतील भ्रूणपोषापासून मिळणारा डिंक खाद्यपदार्थ, कापडछपाई आणि तेलविहिरींत वापरला जातो. आम्लात पोलादाची झीज रोखण्यासाठीही त्याचा अभ्यास झाला आहे.

झीज कशी थांबते?
पोलादावरील गंज काढण्यासाठी कारखान्यांत हायड्रोक्लोरिक वा सल्फ्युरिक आम्ल वापरतात. मात्र आम्ल गंजाखालील धातूलाही खाते. लोह विरघळते व हायड्रोजन वायू निघतो. त्यामुळे आम्लात अल्प प्रमाणात क्षरणरोधक मिसळतात. प्रोपार्गिल अल्कोहोलसारखे काही प्रचलित रोधक विषारी असल्याने वनस्पतिजन्य पर्याय शोधले जात आहेत.

गवार डिंक हा मॅनोज शर्करेच्या लांब साखळीचा बहुवारिक (पॉलिमर) असून त्या साखळीला गॅलॅक्टोजच्या शाखा असतात. त्यातील ऑक्सिजनयुक्त गट धातूच्या पृष्ठभागाला अनेक ठिकाणी चिकटतात आणि पातळ थर तयार होतो. सल्फ्युरिक आम्लातील कार्बन पोलादावरील २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डिंकाची मात्रा वाढविल्यावर संरक्षण वाढल्याचे आढळले.

हे संरक्षण वजनातील घटीवरून मोजतात. समजा, नुसत्या आम्लात पट्टीचे वजन १०० मिलिग्रॅमने घटले आणि डिंक मिसळल्यावर २० मिलिग्रॅमने, तर रोधनक्षमता ८० टक्के होय.

मर्यादा
वनस्पतिजन्य कीटकनाशकांनी आपल्याला दोन धडे दिले आहेत. निकोटीन वनस्पतिजन्य असूनही अतिविषारी आहे. निंबोळीतील अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर विघटित होते. म्हणजेच केवळ उगमावरून सुरक्षितता वा टिकाऊपणा ठरत नाही. गवार डिंक खाद्य आहे, परंतु तीव्र व उष्ण आम्लात त्याची साखळी तुटते. म्हणून प्रयोगशाळेतील टक्केवारी वाचताना आम्ल, तापमान व कालावधी अवश्य पाहावा.

शेतकऱ्यांसाठी
ठिबक संचाच्या आम्लप्रक्रियेत गवार डिंक मिसळू नये. तो पाण्यात फुगून घट्ट होतो, ड्रिपर तुंबवतो आणि सूक्ष्मजीवांना खाद्य पुरवतो. लोखंडी गाळणी व जोड वाचविण्याचे उपाय साधे आहेत:

- आम्ल शक्यतो गाळणीच्या पुढे, आम्लरोधक साधनाने सोडावे.
- आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. हातमोजे व चष्मा वापरावा.
- प्रक्रियेनंतर संच स्वच्छ पाण्याने पूर्ण धुवावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी हा फरक शेतकऱ्यांना आवर्जून सांगावा: डिंकाचा हा उपयोग कारखान्यातील आम्लटाकीसाठी अभ्यासला गेला आहे, ठिबकच्या नळीसाठी नव्हे.